कणसाची शीळ

मी एक जुना फ्रीज आहे. उस्मानपुऱ्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. मित्रांनो, मला स्वस्थ बसणे ठाऊक नाही. थोडा वेळ घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो.

कारखान्यात माझ्या दाराला रबराची पट्टी बसवली, तेव्हाच माझा आवाज ठरला. दार ओढले की ‘चप्प’ असे वाजते. करुणाताईंना कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्याची नोकरी लागली आणि त्यांनी मला घरी आणले. तेव्हा माझे फार कौतुक झाले. शेजारपाजारची मुले बर्फ मागायला यायची. पुढे माझ्या पत्र्याला पोचे आले, कोपऱ्यात गंज धरला. मेकॅनिक राजकुमारने रबर बदलताना सांगितले, “ताई, आता नवीन घ्या.”

“का? चालतोय ना?”

“चालतोय, पण कण्हतोय.”

तरी त्यांनी मला ठेवले.

करुणाताईंच्या मुलीने, तनुजाने, एक गिनीपिग पाळला. अंगावर पिवळे आणि काळे डाग. सिल्लोडहून आलेले तिचे आजोबा तात्यासाहेब त्याला पाहून म्हणाले, “हे तर चुलीतलं कणीस! अर्धं भाजलेलं, अर्धं कच्चं.” तेच नाव पडले. त्याचा पिंजरा माझ्यासमोर, गार फरशीवर असायचा.

माझे दार वाजले की कोथिंबीर मिळते, हे कणसाला लवकरच कळले. मग दूध काढायला दार उघडा, नाहीतर मिरच्या ठेवायला, तो पिंजऱ्याच्या गजांना पुढचे पाय लावून उभा राहायचा आणि लांब शीळ घालायचा. माझ्या दाराचे इतके स्वागत कुणीच केले नव्हते.

गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात आणि चावून चावून झिजतात. कणसाच्या दाढा वाकड्या वाढल्या, जिभेवर चढल्या. डॉक्टरांनी भूल देऊन त्या घासल्या. काही आठवडे बरे गेले. मग पुन्हा घासल्या, आणि पुन्हा. दर वेळी बरे असण्याचे दिवस कमी झाले. आता तनुजा त्याला बिनसुईच्या सिरिंजने पातळ पेज भरवायची. अर्धी हनुवटीवरून ओघळायची.

यंदाच्या एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले, “दाढांची मुळंच जबड्यात वाढली आहेत. आता घासून उपयोग नाही. भरवत राहिलात तर थोडे दिवस जगेल, पण दुखत राहणार. इंजेक्शन दिलं तर झोपेत जाईल. विचार करून सांगा.”

त्याच आठवड्यात तात्यासाहेब मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. हॉलमध्ये टीव्ही लागला की नजर तिकडे जायची, म्हणून लेकीने त्यांची खुर्ची स्वयंपाकघरात टाकली होती. त्यांच्या डोळ्याचे थेंब माझ्या दारातल्या कप्प्यात होते.

इंजेक्शनचे ऐकून ते चिडले. “आपल्या हातानं? मुक्या जीवाला? नाय जमायचं. आपला सोन्या बैल थकला, पर दावणीलाच गेला.”

“तात्या, त्याला दुखतंय,” करुणाताई म्हणाल्या.

“मलाबी गुडघे दुखायलेत. देती का मला सुई?”

“तात्या!”

तनुजाला आधी हसू आले, मग रडू. “आई, तो अजून शिट्टी मारतो ना? म्हणजे त्याला जगायचंय.”

करुणाताई भांडी विसळत होत्या. त्यांचा हात थांबला. “खरं सांगू? मला माहीत नाही, तनू.”

“मग शिट्टी मारतोय तोपर्यंत नाही न्यायचं.”

त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. एका जिवाचा फैसला माझ्या दारावर येऊन टांगला होता.

तेव्हापासून तनुजा मला उगाचच उघडू लागली. शाळेतून आल्या आल्या, अभ्यासातून उठून, पाणी न पिता. दार वाजले की कणीस अंग ओढत गजांपर्यंत यायचा आणि शीळ घालायचा. ती सुटकेचा श्वास टाकायची, दार लावून निघून जायची. तो मात्र गजांतून नाक काढून तसाच थांबायचा. ते तिला दिसत नव्हते, मला दिसत होते. आवाज न करता उघडणे माझ्या हातात नव्हते.

एका दुपारी तात्यासाहेबांनी विचारले, “तनू, काय शोधायलीस गं त्या कपाटात? सकाळधरनं तेच चाललंय.”

“काही नाही. तो शिट्टी मारतो का बघत होते.”

“मारली की. मग दिलं काय त्याला?”

“त्याला चावता येत नाही, तात्या.”

“म्हंजे त्यो भूक लागली म्हनून हाका मारायलाय, अन् तू हजेरी घ्यायलीस व्हय?”

कोथिंबिरीची एक काडी काढून तिने पिंजऱ्यात ठेवली. कणसाने ती तोंडात धरली. तेवढ्यात वीज गेली आणि मीही गप्प झालो.

“माझा डोळा बंद हाय, कान न्हाई,” तात्यासाहेब हळूच म्हणाले. “गोठ्यात बैलांचा चावायचा आवाज आला की मला झोप लागायची. थांबला की मी उठून बसायचो. सोन्यानं शेवटी वैरणीकडं पाठ फिरवली. मागतच नव्हता. त्याचं त्यानं आवरलं. पर ह्यो...”

काडी खाली पडली. लाळेने भिजलेली, पण अख्खी. कणसाने वर पाहून पुन्हा शीळ घातली.

“ह्यो मागायलाय, पोरी, पर खाता येईना त्याला,” तात्यासाहेब म्हणाले, आणि चष्मा काढून चांगला डोळा पुसू लागले.

संध्याकाळी करुणाताई दारात चपला काढत होत्या, तेव्हाच तनुजा म्हणाली, “आई, डॉक्टरांना फोन कर.”

“मीबी येतो,” तात्यासाहेब म्हणाले.

“तुम्हाला उन्हात जायला मनाई आहे,” करुणाताई म्हणाल्या.

“चष्मा हाय की!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला एकदाच उघडले. सगळी कोथिंबीर घेतली, मिक्सरमध्ये बारीक केली, गाळली आणि थेंब थेंब कणसाला पाजली. त्याच्या हनुवटीवर हिरवा ओघळ आला. तो तिने पुसला नाही. मग त्याला टॉवेलात गुंडाळून तिघे गेले.

परत आले तेव्हा टॉवेल तेवढा होता. तनुजाने मला हात लावला नाही. पाणी माठातले प्यायली. दूध आईला काढायला सांगितले आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी तात्यासाहेबांनी हाक मारली, “तनू, थेंब घाल गं.”

आई बाहेर गेली होती. तनुजा माझ्यासमोर आली. दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबली. मग अगदी हळू ओढले, आवाज होऊ नये म्हणून. पण माझे रबर ताठ आहे. ‘चप्प’ वाजलेच.

दोघांनीही मान रिकाम्या पिंजऱ्याकडे वळवली. मी घरघर करत होतो, एवढाच काय तो आवाज.

मग तिने बाटली काढली. “मान वर करा, तात्या,” म्हणाली, आणि थेंब नीट डोळ्यात घातले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी आजारी असेल. ते हाक देतात का, हे पाहायला त्यांचे दार पुन्हा पुन्हा वाजवू नका. हाक आली, तर ते काय मागत आहेत ते आधी ऐका. कधीकधी ते देणे फार जड असते. तनुजाने ते दिले. मी मात्र अजून दार वाजले की क्षणभर थांबतो, आणि मग घरघरू लागतो.