निपाणीच्या ब्राह्मीची पिचकारी

मित्रांनो, मी इंजेक्शनची एक जुनी पिचकारी आहे. काचेची. रंगपंचमीच्या पिचकारीशी माझं नातं लावू नका, मला राग येतो.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. बोटीनं मुंबईला उतरून मी बेळगावच्या एका डॉक्टरांकडे आले. तिथं निपाणीचे तंबाखूचे व्यापारी पद्मराज बायकोला, ब्राह्मीला, घेऊन आले होते. ऐन पंचविशीत ती वाळून काटकी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह आहे. इन्शुलीन जन्मभर घ्यावं लागेल. आणि सुई टोचली की जेवायचंच." त्या दिवसापासून मी ब्राह्मीची झाले.

हळूहळू तिच्या अंगावर मांस चढलं. सासूबाई धोंडूबाई कौतुकानं सांगत, "बेळगावच्या डागदराचा गुण आला." माझं नाव मात्र कुणी घेत नसे. कसं घेणार? इन्शुलीन जनावराच्या अंगातून काढतात, हे ब्राह्मीला कळलं होतं. जैनांच्या घरात हे सांगायचं कोणत्या तोंडानं? ती मला लुगड्यांच्या घडीत लपवी आणि दार लावून सुई टोचून घेई. नवऱ्यालाही तिनं शपथ घातली होती. जगण्याचीच लाज वाटावी, याचं मला फार वाईट वाटे.

पर्युषण आलं. घरातल्या साऱ्या बायकांनी उपवास धरला. एकटीनं जेवायचं तर कारण सांगावं लागेल, म्हणून ब्राह्मीनंही धरला. सुई चुकवायची नाही, एवढं मात्र भीतीनं मनात पक्कं बसलं होतं. दिवस कलताना तिनं रोजच्यासारखी सुई घेतली, मला घाईनं ओच्यात खोचलं आणि सोप्यात येऊन बसली.

अंधारून आलं तसा तिला दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. ती कलंडली आणि मी घरंगळत धोंडूबाईंच्या पायाशी गेले.

"हे काय गं?"

पद्मराज धावत आले. "आई, तिचं औषध हाय. मागनं सांगतो. रगतातली साखर उतरलीया तिची. आधी गूळ दे, न्हायतर हातची जाईल ती!"

"आत्याबाई, जनावराचं औषध हाय ते," ब्राह्मी सासूला कशीबशी म्हणाली. "दिवस मावळलाय. उपास मोडायचा न्हाय." आणि तिनं ओठ घट्ट मिटले.

दिवस मावळल्यावर धोंडूबाईंनी कधी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्यांनी तांब्यात गूळ कालवला, सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि पहिला घोट स्वतःच घेतला.

"माझं व्रत मोडलं बघ. पाप लागलं तर दोघींना लागंल. पी आता."

ब्राह्मीनं तोंड उघडलं.

पुढं मला सोप्यातल्या कोनाड्यात जागा मिळाली. शेजारणी विचारत आणि ब्राह्मी ताठ मानेनं सांगे. कालांतरानं माझ्यातून औषध गळू लागलं, नवी पिचकारी आली, मी डबीत गेले. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, मला विसरलात तरी चालेल. आजारी माणसाला मात्र लपायला लावू नका.

एक सांगायचं राहिलंच. त्या रात्रीनंतरच्या पहिल्याच पर्युषणात, मी कोनाड्यात असताना, पाहुण्या नागुबाईंनी नाक मुरडलं, "सून जेवती व्हय तुमची?"

ब्राह्मीच्या ताटात भाकरी वाढत धोंडूबाई म्हणाल्या, "व्हय. तिच्या वाटचा उपास मी धरलाय."