दोघांवर लावणारा जावई

ज्या वर्षी माझ्या मेहुणीने, डेल्फिनाने, सोडून दिलेल्या नवऱ्याशीच दुसऱ्यांदा लग्न केलं, ते एकोणीसशे एकोणऐंशी साल. पाहुणे तेच होते, चर्चमधला फादर तोच होता, फक्त भेटवस्तू कमी आल्या. त्या लग्नाच्या जेवणात मला लहान मुलांच्या टेबलावर बसवलं होतं. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेला होतो आणि माझ्या डाव्या हाताला बसलेली पाहुणी बाटलीने दूध पीत होती.

माझ्या बायकोच्या, अँपारोच्या, माहेरी माणसाची किंमत बॉक्सिंगवरून ठरायची. तिचे वडील डॉन क्रेसेन्सियो तरुणपणी स्वतः रिंगमध्ये उतरलेले, नंतर कोपऱ्यात उभं राहून बॉक्सरांचं रक्त थांबवणारे. लास वेगासमध्ये त्या काळात फुटलेल्या बहुतेक भुवयांवर त्यांचा अंगठा टेकलेला होता. मी मात्र खरबुजांच्या मळ्यांतून आलेलो, हॉटेलच्या मुदपाकखान्यात भांडी घासणारा. मला लिहिता-वाचता येत नव्हतं, फक्त आकडे यायचे, कारण खरबुजं मोजावी लागत. बॉक्सिंगची घंटा वाजली की माझ्या सासरच्यांना स्फुरण चढायचं, मला वाटायचं जेवायची वेळ झाली.

पुढे डॉन क्रेसेन्सियोंचे डोळे गेले. एक जुन्या ठोशाने आधीच अधू झालेला होता, दुसरा वयाने. उजेड कळायचा, माणूस उभा आहे की खांब एवढं कळायचं. तरीही दर बुधवारी संध्याकाळी ते हॉटेलच्या हॉलमधल्या मारामाऱ्यांना जायचेच. जुन्या ओळखीमुळे रिंगला लागून दोन खुर्च्या त्यांना फुकट मिळत. एक त्यांची आणि दुसरी त्यांच्या ‘डोळ्यां’ची. शेजारी बसून रिंगमध्ये काय चाललंय ते कानात सांगणाऱ्या माणसाला घरात सगळे ‘डोळे’ म्हणत. रविवारी आतड्यांचा रस्सा शिजला की पहिला वाडगा डोळ्यांना, दुसरा डॉनना, मग बाकीच्यांना. मला कधीकधी त्यातला नुसता मका मिळायचा.

पहिले डोळे त्यांचा थोरला मुलगा होता, तो टिकला नाही. मग माझा साडू रुटिलिओ, म्हणजे डेल्फिनाचा नवरा, दोन्ही वेळचा. रुटिलिओला बॉक्सिंगमधलं खरंच कळत होतं. त्याने एका बुधवारी सगळ्या फेऱ्या सांगितल्या, आपण पैसे लावलेला माणूस कसा पुढे आहे, समोरचा कसा लटपटतोय. शेवटी तिन्ही पंचांनी समोरच्यालाच विजयी ठरवलं. सासरे फक्त एवढंच म्हणाले, “मग इतका वेळ मी कुठली मारामारी ऐकत होतो?” रुटिलिओची खुर्ची गेली. घरातले काही जण म्हणतात, पहिलं लग्नही त्यातच गेलं.

दुसऱ्या लग्नानंतर आठवडाभराने डॉननी मला अंगणात बोलावलं. लिंबाच्या झाडाखाली ते पाय पसरून बसले होते.

“हिलारिओ, तुला बॉक्सिंगमधलं काय कळतं?”

“काही नाही, डॉन.”

“छान. ज्यांना कळत होतं त्या दोघांनी मला फसवलं. आता न कळणारा घेऊन बघतो. पण हे शेवटचं. तूही तसाच निघालास तर मी जाणं बंद करणार. घरात रेडिओ आहे, रेडिओसमोर भिंत आहे.”

मला वाटलं चेष्टा चालली आहे. मी हसलो. रात्री अँपारोने पाठ फिरवून विचारलं, “बाबा घरी बसले तर किती दिवस काढतील असं वाटतं तुला? आणि तू हसलास म्हणे.”

मग शिकवणी सुरू झाली. पहिला धडा असा की, पैसे लावायचेच.

“पण मी नाही लावले तर नीट बघेन,” मी म्हणालो.

“नाही बघणार. न लावणारा माणूस बिअर बघतो, फेरीच्या आकड्याच्या पाट्या घेऊन फिरणाऱ्या पोरी बघतो. लावणारा रिंग बघतो, पण त्यातला एकच माणूस बघतो. मला लावूनही दोघं बघणारा हवाय.”

“असा कोणी असतो?”

“अजून भेटलेला नाही.”

दुसरा धडा फलकाचा. पैसे लावायच्या खिडकीवर प्रत्येक बॉक्सरच्या नावापुढे आकडा असतो, त्याच्या आधी वजा किंवा अधिक. मला वाटलं, ज्याच्यापुढे वजा तो बिचारा कशात तरी कमी आहे. मी त्याची कीव केली.

“अरे खरबुजा,” डॉन म्हणाले, “वजावाला आवडता. त्याच्यावर शंभर मिळवायचे तर शंभराहून जास्त लावावे लागतात. अधिकवाला नावडता. त्याच्यावर शंभर लावले आणि तो जिंकला, तर शंभराहून जास्त मिळतात.”

“म्हणजे आवडत्यावर लावलं तर कमी मिळतं?”

“घरातसुद्धा असंच आहे. तू कुठे बसतोस ते बघ.”

तिसरा धडा होता, आपल्या गावच्या माणसावर लावायचं नाही, आणि देखण्या माणसावर तर मुळीच नाही. चौथा, चेहरा बघायचा नाही. मंगळवारी ते मला बॉक्सरांचं वजन घेतात तिथे घेऊन गेले. मोठी लढत होती ती बराझा आणि लोनी टेट यांची. बराझा माझ्याच मुलखातला, मेक्सिकोतल्या एर्मोसिओचा, कान वाळलेल्या अंजिरासारखे. टेट कॅलिफोर्नियाचा, उंच, दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले.

“पाय सांग,” डॉन पुटपुटले.

“बूट घातलेत.”

“बुटातले सांग.”

“टेटचे पाय स्वस्थ राहत नाहीत. बराझाचे जमिनीत रोवल्यासारखे.”

“मग लढत कशी होईल?”

मी खूप विचार करून म्हणालो, “एक जण हलेल आणि दुसरा हलणार नाही.”

मागे रुटिलिओ उभा होता. तो म्हणाला, “डॉन, याला खुर्ची देण्यापेक्षा खुर्चीच घरी आणा. ती याच्यापेक्षा जास्त बोलेल.”

बुधवारी संध्याकाळी मी खिडकीसमोर उभा राहिलो. पैसे जातील याची भीती नव्हती, होते किती ते. भीती ही की, बराझावर लावले तर मी बराझाच बघणार. तो माझ्या मुलखातला, त्याची आई माझ्या आईसारखी बोलत असणार. टेटवर लावले तर टेटचे दात बघत बसणार. कोणावरही लावलं तरी म्हातारा पुढच्या बुधवारपासून भिंतीसमोर. रांग मागून ढकलत होती. आणि तिथे, भांडी घासून सुरकुतलेले हात खिशात घालून उभा असताना, मला माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार कल्पना सुचली. आजवर एवढ्या लोकांना ही का सुचली नाही, याचं मला खरंच नवल वाटलं.

“अर्धे बराझावर,” मी खिडकीतल्या बाईला म्हणालो, “आणि अर्धे टेटवर.”

तिने चष्म्यावरून बघितलं. “दोघांवर?”

“दोघांवर. कोणीतरी जिंकणारच ना.”

“आणि तिसरी ओळ?” तिने फलकाकडे बोट केलं. दोन नावांखाली खरंच एक तिसरी ओळ होती, तिच्यापुढे भलामोठा आकडा. मला वाचता येत नव्हतं. मला वाटलं, ती रिंगमधल्या पंचाची असणार. पंचावर कोण कशाला पैसे लावेल?

“तिसरा नको,” मी रुबाबात म्हणालो. “दोन पुरेत.”

तिने खांदे उडवले आणि दोन चिठ्ठ्या दिल्या. बराझाची उजव्या खिशात ठेवली, टेटची डाव्या.

घंटा वाजली. मी बोलायला लागलो. सुरुवातीला माझ्याकडे शब्दच नव्हते. “मारलं,” मी म्हणायचो. “कोणी?” डॉन विचारायचे. “टेटने.” “कुठे?” “तोंडावर.” “कोणाच्या?” “बराझाच्या, अजून कोणाच्या?” मागे कोणीतरी हसायचं. पण दुसऱ्या फेरीपर्यंत जमू लागलं. टेटचा डावा हात लांबून येतो, बराझा तो खातो आणि आत शिरतो, आत शिरला की बरगडीवर दोन देतो. टेट मागे सरकतो, पण सरकता सरकता कानावर एक ठेवून जातो.

माझी अडचण वेगळीच होती. बराझाने मारलं की उजवा खिसा खूश व्हायचा, डावा रडायचा. टेटने मारलं की उलट. मी एकाच ठोशाला आनंद आणि दुःख दोन्ही करत होतो. पाचव्या फेरीत बराझा गुडघ्यावर बसला, तेव्हा माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की शेजारच्या माणसाने विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?

“पडला?” डॉननी विचारलं.

“पडला. खरा पडला, घसरला नाही. आता उठला. डोळे ठीक आहेत. टेट घाईने आला, मारतोय, पण निम्मे ठोसे हातांवर बसतायत.”

सातव्या फेरीत ते म्हणाले, “आता सांग, टेटचे पाय.”

मी बघितलं. “थांबलेत, डॉन. आता बराझा हलतोय.”

डॉननी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू कोणावर लावलेस रे? तुझ्या आवाजावरून कळेना. रुटिलिओचं मला पहिल्याच फेरीत कळायचं.”

“नंतर सांगतो.”

शेवटच्या फेरीत दोघं एकमेकांना धरून उभे होते, दोन थकलेले गवंडी भिंतीला टेकावेत तसे. घंटा झाली. मी सांगितलं, “मला खरंच कळत नाही, डॉन. पहिल्या अर्ध्यात टेट. दुसऱ्या अर्ध्यात बराझा. तो एकदा पडला, पण नंतर त्याने ते फेडलं. मला कोणी विचारलं तर मी दोघांना घरी पाठवेन.”

“हं,” डॉन म्हणाले.

माईकवर निकाल आला. एका पंचाने बराझाला दिलं, एकाने टेटला, तिसऱ्याने दोघांना सारखंच. लढत बरोबरीत. हॉलभर शिव्या सुरू झाल्या. मी मात्र उजव्या खिशात हात घालून उठलो, मग डाव्या, आणि विचारलं, “डॉन, आता कुठली चिठ्ठी घेऊन जायची?”

“कुठली म्हणजे?”

मी त्यांना सांगितलं.

“दोघांवर,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि फलकावरची तिसरी ओळ?”

“ती पंचाची ना?”

“ती बरोबरीची, हिलारिओ. इथल्या खिडकीचा नियम आहे तो. बरोबरी झाली की फक्त तिसऱ्या ओळीवाल्यांना मिळतं. बाकी सगळ्यांचं बुडालं.” ते हसायला लागले. इतके हसले की त्यांना खोकला आला आणि एक जुना बॉक्सर धावत पाणी घेऊन आला. “आयुष्य गेलं माझं या हॉलमध्ये. एका लढतीत दोन्हीकडून हरलेला माणूस मी आज पहिल्यांदा भेटतोय.”

मी खाली मान घालून उभा राहिलो. आता ते घरी बसणार, भिंतीसमोर, आणि अँपारो माझ्याशी वर्षभर बोलणार नाही, असं मी धरूनच चाललो. हॉलच्या बाहेर पडताना त्यांनी माझा दंड धरला, नेहमीपेक्षा घट्ट.

“पण एक सांगतो,” ते म्हणाले. “बाकीच्यांनी मला नेहमी एकच माणूस दाखवला, आणि त्याच्यासमोर सावली. आज रिंगमध्ये दोघं होते. डोळे गेल्यापासून पहिल्यांदा.” दोन पावलं गेल्यावर म्हणाले, “पुढच्या बुधवारी काय करायचं कळलं ना?”

“एकावरच लावायचं.”

“गाढवा. दोघांवर.”

रविवारी पहिला वाडगा माझ्यासमोर आला. रुटिलिओला दुसरा आला नाही, तिसराही नाही. तो लहान मुलांच्या टेबलावरून म्हणाला, “खा, जावईबापू. दोन्ही घोड्यांवर बसून पायी घरी आलेला माणूस, भूक तर लागणारच.” सगळे हसले. मीही हसलो आणि त्यातच जीभ भाजून घेतली. डेल्फिनाने त्याच्या पाठीत चापट मारली. दुसऱ्या वेळचं लग्न टिकलं.

पुढे सगळी वर्षं मी दर बुधवारी दोघांवर लावत राहिलो, थोडे थोडे. कधी नावडता जिंकला तर चार पैसे हाती पडायचे, पण एकूण हिशेबात खिडकीच पुढे असायची. खिडकीतली बाई मला बघून न विचारताच दोन चिठ्ठ्या काढायची आणि शेजारणीला माझी ओळख करून द्यायची, “हेच ते.” डॉन त्या पैशांना खुर्चीचं भाडं म्हणायचे. तिसऱ्या ओळीवर त्यांनी मला कधी लावू दिलं नाही. म्हणायचे, बरोबरीवर लावलंस तर दोघांनाही कमी मारताना बघशील.

साठीनंतर मी अक्षरं शिकलो. तिथे फलकावर काय लिहिलेलं असायचं, ते मला आता वाचता आलं असतं. आता तो हॉल नाही, तिथे गाड्या उभ्या करतात.

डॉन क्रेसेन्सियो एकोणीसशे शहाऐंशीच्या नोव्हेंबरात वारले, गुरुवारी सकाळी, झोपेत. आदल्या संध्याकाळी आम्ही हॉलमध्ये होतो. रुटिलिओ एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमध्ये गेला. अँपारो दोन हजार अकराच्या मार्च महिन्यात गेली.