नणंदेने निवडलेली सोपी गाणी

वोनी आली ती ट्रक घेऊनच. आईच्या मातीला जेमतेम आठवडा झाला होता. अंगणात मांडव तसाच होता, भाड्याच्या खुर्च्या अजून गेल्या नव्हत्या, आणि ही बाई काळ्या झग्यातच ट्रकमधून उतरून दोन हमालांना म्हणाली, "समोरच्या खोलीत आहे. जपून उचला, भिंतीला लागला तर बघा."

पियानोबद्दल बोलत होती ती. तिच्या आईचा उभा पियानो. सगळी गल्ली आईला ओमा आल्चे, म्हणजे आल्चे आजी, म्हणायची. तोमोहोन गावच्या त्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या घरात असली वस्तू नव्हती.

मेइस्के स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आली आणि दारात उभी राहिली. सासूचं पाच वर्षं तिने केलं होतं. अंघोळ घालण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळं. ती सून होऊन आली तेव्हाच ओमाची बोटं आखडलेली होती, त्यामुळे त्या पियानोतून निघालेला एक सूरही तिने कधी ऐकला नव्हता. वोनीने झाकणाला कुलूप लावून किल्ली मनादो शहरात, आपल्या घरी नेली होती. "शेणामातीचे हात लागायला नकोत," असं तेव्हा तोंडावर म्हणाली होती. मेइस्केने पाच वर्षं त्या बंद झाकणावरची धूळ पुसली आणि ते वाक्य गिळलं.

"झुस, कुठे नेताय?" तिने विचारलं. थोरल्या नणंदेला झुस म्हणायचं, मग ती कशीही वागो.

"माझ्या घरी. पियानो शिकवणारी मी आहे. इथे कोण वाजवणार? योपी? की तुझ्या कोंबड्या?"

योपी, म्हणजे मेइस्केचा नवरा आणि वोनीचा धाकटा भाऊ, खुर्च्या रचत होता. तो खुर्च्याच रचत राहिला. चर्चच्या गायकमंडळीत उंच सुरात गाणारा हा माणूस घरात मात्र नाक मुठीत धरून असायचा.

मध्ये पडले ते ओम नोल्डी. गल्लीतल्या प्रार्थनामंडळीचे वडीलधारे, सगळ्यांचे ओम, म्हणजे काका. ते म्हणाले, "एन्ची वोनी," मास्तरणीला एन्ची म्हणायची तिथली रीत, "जरा थांब. तुझी आई माझ्यासमोर, पाद्रीबुवांसमोर बोलली आहे. ज्या घरात वाजेल त्या घरात पियानो राहील."

"तेच तर म्हणते मी, ओम! माझ्या घरी वाजेल."

"इथेही वाजेल," मेइस्के म्हणाली. हे शब्द तोंडातून कसे निघाले ते तिचं तिलाच कळलं नाही. "मी वाजवीन."

वोनी हसली. हमालही हसले, म्हणजे त्यांना पियानोतलं कळत होतं असं नाही, पण हसण्यासारखी वेळ त्यांना कळली.

"ठीक आहे," वोनी म्हणाली. "आईच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना याच घरात होईल ना? तेव्हा तीन भजनं वाजव. सगळी मंडळी गातील, तू साथ करायची. जमलं तर पियानो तुझा. नाही जमलं तर ट्रक परत येईल. आणि हे बघ, मी काही दुष्ट नाही. गाणी मीच निवडून देते. नवशिक्याला झेपतील अशी."

ओम नोल्डींना हे फार उदार वाटलं. त्यांनी मान डोलावली.

वोनीने भजनाच्या पुस्तकात तीन ठिकाणी खुणा करून दिल्या. आणि खरंच, बघायला तिन्ही गाणी सोपी होती. त्यांच्याकडे चर्चच्या पुस्तकांत सूर आकड्यांनी लिहितात. सा म्हणजे एक, रे म्हणजे दोन. लहानपणापासून सगळे तेच वाचून गातात, मेइस्केही. पहिल्या गाण्यात एकपासून पाचपर्यंतच्या पुढे आकडाच नव्हता. ओळी आखूड, चाल संथ. "कोंबडीनेसुद्धा पायाने वाजवावं इतकं सोपं दिलंय," वोनी जाताना म्हणाली आणि किल्ली टेबलावर फेकून गेली.

मेइस्केने पांढऱ्या पट्ट्यांवर खडूने आकडे लिहिले. मधल्या पांढऱ्या पट्टीला एक, तिच्या शेजारची दोन. काळ्या पट्ट्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही, आकडे सगळे पांढऱ्यांतच संपत होते. पहाटे डुकरांना खायला घालून आली की ती बसायची. बोटं लाकडासारखी होती, पण राग जबरदस्त होता, आणि राग माणसाला बराच वेळ बाकावर बसवून ठेवतो. आधी उजवा हात आला. मग डाव्या हाताने प्रत्येक ओळीला एक सूर. मग दोन. पावसाळा संपेपर्यंत तिन्ही गाणी न अडखळता यायला लागली. योपी पलीकडे कॉफी पीत बसायचा. "कसं वाटतंय?" असं तिने विचारलं की म्हणायचा, "हं. चाललंय."

नाताळात ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या फेइबेच्या मागे जाऊन उभी राहिली. फेइबे कॉलेजात शिकणारी पोरगी. त्या दिवशी नेमकं वोनीने दिलेल्या तीनपैकी एक भजन होतं. मेइस्केने बोटांकडे पाहिलं. पोरीची बोटं जवळजवळ सगळी काळ्या पट्ट्यांवर होती.

प्रार्थना संपताच तिने फेइबेला गाठलं. "अगं, तू तिथे का वाजवलंस? एक तर पांढरीवर असतो."

"तान्ते," मावशीच्या वयाच्या बाईला फेइबे तान्तेच म्हणायची, "एक कुठेही असतो. गाण्याच्या माथ्यावर लिहिलेलं असतं की, सा कुठला धरायचा. हे बघा. हे काळी एकमधलं आहे, म्हणजे पहिली काळी पट्टी हाच सा."

"माथ्यावरचं आम्ही कधी वाचलंय? आम्ही आकडे वाचतो."

"गाताना नाही लागत ते. वाजवताना लागतं." मेइस्केने खुणेची उरलेली दोन गाणी उघडून दाखवली आणि फेइबेचा चेहरा बदलला. "तिन्ही काळी एकचीच? तान्ते, पुस्तकात पांढरी एकची ढीगभर गाणी आहेत. नवशिक्याला ही कुणी दिली?"

"पियानोच्या मास्तरणीने."

फेइबेने पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाली, "मग हे चुकून नाही झालेलं."

मेइस्केला ते सांगायला कुणी नको होतं. तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. इतके महिने खपली ती, आणि ती बाई मनादोत बसून हसत असणार. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, आता सगळं पुन्हा काळ्या पट्ट्यांवर शिकायला वेळ उरला नव्हता.

"घाबरू नका," फेइबे म्हणाली. "तुमच्या पांढरीवरच वाजवा. अर्धा सूर खाली, कुणाला कळतंय? फक्त सुरुवात तुम्ही करा. लोक वाद्याच्या मागे येतात. त्यांच्या आधी कुणी गाणं उचललं तर मात्र पंचाईत."

वर्षश्राद्धाला समोरची खोली गच्च भरली. मागच्या अंगणात बांबूत भात शिजत होता, तिखटजाळ डुकराच्या मटणाचा वास घरभर होता. वोनी पहिल्याच रांगेत बसली, पियानोपासून हातभर अंतरावर. खडूचे आकडे पाहून तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. योपी दाराशी उभा होता.

ओम नोल्डींनी पहिलं भजन सांगितलं. मेइस्केने हात उचलले, आणि ते पट्ट्यांवर टेकायच्या आत वोनीने गाणं उचललं.

घरातल्या प्रार्थनेत ही मुभा असतेच. ज्याचा गळा मोठा तो गाणं उचलतो, वाजवणाऱ्याने त्याचा सूर पकडायचा. वोनीचा गळा मोठाच होता. काळी एकमध्ये, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, तिने ताठ मानेने सूर लावला आणि खोली तिच्यामागून गायला लागली. मेइस्केने एक पट्टी दाबली. असा कर्कश आवाज झाला की मागच्या रांगेतली दोन पोरं फिदीफिदी हसली. तिने हात मांडीवर घेतले.

पूर्ण कडवं ती तशीच बसून होती. वोनी गाता गाता तिच्याकडे बघत होती, बघ, म्हणाल्यासारखी. मेइस्केचे डोळे भरले, पण रडू नव्हतं ते. या बाईला आयुष्यात कुणी नाही म्हटलेलं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

कडवं संपलं. लोकांनी श्वास घेतला. तेवढ्या फटीत मेइस्केने दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांवर आदळले.

ते काही सुंदर नव्हतं. पण दणदणीत होतं. तिने पहिली ओळ जोरात वाजवली आणि न थांबता दुसऱ्या कडव्यात शिरली. ओम नोल्डींचा जाड आवाज आधी खाली आला. मग बायका आल्या. वोनी वरच राहिली. ती आणखी मोठ्याने गाऊ लागली, मेइस्केने आणखी जोरात पट्ट्या हाणल्या. अर्ध्या सुराचं अंतर म्हणजे दोन बायकांनी एकमेकींच्या झिंज्या धराव्यात तसं ऐकू येतं. लोक कानकोंडे झाले, पण गात राहिले, आणि गात राहिले पियानोसोबत. तिसऱ्या कडव्यापर्यंत वोनी एकटी उरली. सगळ्या खोलीत बेसूर म्हणून एकच बाई गात होती, आणि ती शहरातली संगीतशिक्षिका होती.

तिने तोंड मिटलं. पुढची दोन गाणी मेइस्केने ओम नोल्डी सांगून संपायच्या आतच सुरू केली.

शेवटची प्रार्थना झाल्यावर ओम नोल्डी म्हणाले, "वाजला. सगळ्यांनी ऐकलं. पियानो इथेच राहील."

"हिला तीन गाणी येतात, ओम. तीही चुकीच्या जागी," वोनी म्हणाली. "माझ्या आईच्या पियानोवर खडू फासलाय हिने." ती जेवायला थांबली नाही. मयताच्या घरचं अन्न न खाता गेलेलं माणूस गल्ली वर्षानुवर्षं विसरत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तरी गेली.

पंगती उठल्या, भांडी घासून झाली. मेइस्के बाकावर येऊन बसली. आज कुणीतरी आपल्याला शाबास म्हणावं एवढंच तिला वाटत होतं. योपी खिडकीशी उभा होता.

"झुस बिचारी उपाशी गेली," तो म्हणाला.

"बिचारी? तिन्ही गाणी तिने मुद्दाम काळ्या पट्ट्यांवरची दिली होती. मला तोंडघशी पाडायला."

"माहीत आहे."

मेइस्केने वळून पाहिलं. "कधी कळलं?"

"तिने खुणा केल्या तेव्हाच. मंडळीत ती गाणी मी इतकी वर्षं गातोय, मेइस्के."

"आणि मी रोज पहाटे बसायचे. तू समोर कॉफी प्यायचास."

"मग कुणाच्या बाजूने बोलू? ती बहीण, तू बायको." तो खरोखरच वैतागला होता. "मला काय सुख होतं का? ती गाणी अशी खाली उतरवलेली ऐकली की दात आंबतात माझे. वर्षभर सोसलं मी. आता तरी बंद कर ते, संपलं सगळं."

मेइस्केने पदर खोचावा तशा झग्याच्या बाह्या वर सारल्या, बाक पुढे ओढला आणि पहिलं गाणं पहिल्या ओळीपासून पांढऱ्या पट्ट्यांवर पुन्हा सुरू केलं.