बर्नाडीनच्या गाडीची जागा

माझी बायको बर्नाडीन ऑक्टोबरमध्ये गेली. तिची गाडी मी महिन्याभरात विकून टाकली. नजर अधू झाल्यापासून मी चालवत नाही.

जानेवारीत बर्फ पडला तेव्हा सवयीने फावडं घेतलं, घरासमोर एका गाडीपुरती जागा मोकळी केली आणि स्वयंपाकघरातली खुर्ची मधोमध ठेवली. पिट्सबर्गातल्या आमच्या चढावर जो बर्फ उपसतो, त्याची जागा. खुर्ची दिसली की दुसरा कुणी तिथे गाडी लावत नाही. रस्ता पालिकेचा आहे, पण खुर्चीला कुणी हात लावत नाही.

पाचव्या दिवशी समोरचा रूडी आला.

"एमिल, खुर्ची कुणासाठी रे?"

"जागेसाठी."

"आणि जागा?"

मी पायरीवरचा बर्फ खरवडू लागलो.

"गाडी नसताना दुसऱ्या कुणी ठेवली असती, तर तू गल्लीभर बोंब मारली असतीस."

"मग फेकून दे."

"मी? बर्नाडीनची खुर्ची? अरे, मलाही कधीतरी वर जायचंय. ती सोडेल का मला?" मग तो हळूच म्हणाला, "कोपऱ्यावरच्या डोरीनला आठवा महिना लागलाय. तीन गल्ल्या खाली गाडी लावून चढ चढते. म्हटलं, एमिलला विचार. तर म्हणते, त्यांच्या बायकोची जागा आहे, मी नाही विचारणार."

चार वाजता डोरीन दिसली. कठड्याला धरून, दर चार पावलांना थांबत येत होती. मी खाली उतरलो.

"उद्यापासून गाडी इथे लाव."

"नको, मिस्टर सोबोटा. ती जागा तुमची आहे."

"माझ्याकडे गाडी नाही." हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो.

ती कठड्याला टेकली. "मग मी कामावर गेले की माझी खुर्ची ठेवू?"

"बर्फ तू उपसलास का? तुझी खुर्ची इथे कोण मानणार? माझीच ठेवावी लागेल."

"अहो, पण मला ती उचलवणार नाही."

"हॉर्न वाजव."

दुसऱ्या दिवशी चारला हॉर्न वाजला. बर्नाडीन कधी वाजवायची नाही. स्वतः उतरून खुर्ची बाजूला करायची आणि गाडी लावून मगच घरात यायची. मी बूट चढवले. डोरीनने पुन्हा एकदा वाजवला.

"आलो, आलो," म्हणत मी पायऱ्या उतरलो.