शिक्षा द्यायची आवड

माझं माहेर वाईचं. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. लग्न होऊन काशीला आले तेव्हा सासरी सगळे मराठीच बोलतात, असं मला आधीच सांगून ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "शरदिनी, खिडकी लाव, बंदर आत येईल." दशाश्वमेध घाटामागच्या गल्लीत बंदर कसं येणार, याचा विचार करत मी उभी राहिले, तेवढ्यात माकडाने माझा चष्मा पळवला.

तेव्हापासून या घराची मराठी सुधारायचं काम मी अंगावर घेतलं. नवरा सुधारला नाही. धाकटे दीर काशीनाथभावजी घाटावर मराठी यात्रेकरूंची पूजा सांगतात, दिवसभर साताऱ्या-सांगलीची माणसं त्यांच्याशी बोलतात, तरी तेही सुधारले नाहीत. उलट ती माणसंच परत जाताना 'अच्छा जी' म्हणायला लागतात. भावजींची मुलगी कस्तुरी मात्र मी घडवली. निदान आल्यागेल्याला मी तसं ऐकवत असे.

या कस्तुरीला मास्तरीण व्हायचं होतं. मंगला गौरीच्या देवळाजवळ ओळखीच्यांच्या ओसरीवर ती दर रविवारी मुलं जमवून मराठी शिकवायची. मुलं जुन्या मराठी घरांतली, पण आजीशीसुद्धा हिंदीत भांडणारी. कस्तुरीने त्यांना मराठीत भांडायला शिकवलं, आणि आज्या खूश झाल्या. मग तिने विद्यापीठात बी.एड.साठी अर्ज केला, अध्यापनाचा विषय मराठी. प्रवेशपरीक्षा पार पडली, मुलाखत राहिली. मराठीच्या जागा अगदी मोजक्या.

भावजींच्या मनात वेगळंच होतं. पुलापलीकडे रामनगरला त्यांनी नवं यात्रीनिवास काढलं होतं आणि काउंटरवर मराठी बोलणारं घरचं माणूस हवं होतं.

"वहिनी, यंदा झालं तर ठीक," ते मला म्हणाले. "नाही तर तिने काउंटर सांभाळावं. दरसाल तीच परीक्षा, तेच टेन्शन, असं नको."

कस्तुरीने ते ऐकलं आणि पानावरून उठली. "काकू, मी जन्मभर लोकांना खोल्यांच्या चाव्या देत बसणार नाही," एवढंच म्हणाली. मला तिची दया आली आणि भावजींचा असा राग आला की त्या रात्री मी त्यांना वरण आळणीच वाढलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिची तयारी करून घ्यायला लागले. मी पोळ्या लाटत प्रश्न विचारायची, ती समोर उभी राहून उत्तरं द्यायची. तिची उत्तरं मला तोंडपाठ झाली. त्यातल्या एकाही शब्दाला मी हात लावला नाही, इतकी ती मला चोख वाटली.

मुलाखतीच्या दिवशी विद्यापीठात वीज गेली. पंखे बंद, म्हणून खोलीची खिडकी सताड उघडली, आणि त्याच खिडकीखालच्या बाकावर मी बसले होते. शेजारी इंदू नावाची एक बाई होती. नवऱ्याची रेल्वेत भुसावळहून नुकतीच बदली झालेली, आणि नणंदेला मुलाखतीला घेऊन आलेली.

आत दोघे परीक्षक होते. एक विभागाचे मिश्राजी, आणि दुसऱ्या, मराठीच्या तज्ज्ञ म्हणून पुण्याहून आलेल्या, मुक्ता परचुरे.

"शिक्षिका का व्हायचंय तुम्हाला?" परचुरेबाईंनी विचारलं.

"मला लहानपणापासूनच मुलांना शिक्षा द्यायची आवड आहे," कस्तुरी म्हणाली.

बाहेर मी मान डोलावली. आवाज छान खणखणीत लागला होता.

"लहानपणापासून?"

"हो. सुरुवात घरातूनच केली. धाकटा भाऊ शाळेतून आला की त्याला रोज शिक्षा द्यायची."

"रोज? आणि त्याचं काय?"

"आधी रडायचा. मग त्याला गोडी लागली."

आत कुणाचं तरी पेन खाली पडलं.

"आता रविवारी पुष्कळ मुलं येतात," कस्तुरीने आपणहून सांगितलं.

"स्वतःच्या पायांनी?"

"आईवडील आणून सोडतात. मी फुकट देते ना! आणि मुलींना आधी घेते. मुलींना शिक्षा मिळालीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे."

"वाह, बहुत सुंदर विचार!" मिश्राजी म्हणाले. त्यांना मराठी बेताचंच कळत होतं, पण एवढं सगळं कळलं होतं.

"सर, तुम्हाला हे पटतंय?" परचुरेबाईंचा आवाज खोल गेला.

"आमच्या घराण्याची परंपराच आहे, बाई," कस्तुरी रंगात आली होती. "माझ्या पणजोबांनी घाटावर बसून अख्ख्या गल्लीला शिक्षा दिली. मला प्रवेश मिळाला तर मीसुद्धा खूप चेष्टा करीन."

"कुणाची?"

इंदूने माझा हात धरला. "अहो, तुमची मुलगी लहान मुलांना मारते का हो?"

"मारते? काहीतरीच काय!" मी फणकारले. "शिक्षा देते."

आणि माझं वाक्य माझ्याच कानांवर आदळलं. आमच्या घरात मुलांना मार मिळतो, फार तर सजा मिळते. शिक्षा मिळते ती शाळेत, कारण शाळेच्या हिंदी पाटीवर तसं लिहिलेलं असतं. आणि ही चेष्टा! इथे परीक्षेला बसणारा प्रत्येक जण चेष्टा करतो, आणि जास्त चेष्टा करणारा पहिला येतो. वाईला असते तर पहिल्याच पोळीला मी लाटणं खाली ठेवलं असतं. पण इतक्या पोळ्या झाल्या, आणि मला त्यात काही खटकलंच नव्हतं.

पुढे मी जे केलं ते विचार करून केलं नाही. मी बाकावर चढले, खिडकीच्या गजांना धरलं आणि ओरडले, "कस्तुरे, शिक्षण म्हण गं, शिक्षण! आणि चेष्टा नाही, प्रयत्न!"

आतले तिन्ही चेहरे माझ्याकडे वळले.

"ह्या कोण?" परचुरेबाईंनी विचारलं.

"माझी काकू," कस्तुरी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"यह तो नकल हुई," मिश्राजी गंभीर झाले आणि त्यांनी कस्तुरीच्या अर्जावर कॉपीचा शेरा मारला. "इस पर उम्मीदवारी रद्द हो सकती है।"

भावजींना जे जमलं नव्हतं ते मी करून दाखवलं, पोरीला नेऊन रामनगरच्या काउंटरवर बसवलं, असंच मला वाटलं.

"तुम्ही कुठल्या?" परचुरेबाईंनी मला विचारलं.

"वाईची," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदाच ते हळू म्हटलं.

"वाटत नाही," त्या म्हणाल्या.

ते ऐकून मी गज सोडले. मी खाली उतरायला लागले, तेवढ्यात आत खडूचा आवाज झाला म्हणून पुन्हा डोकावले. कस्तुरी फळ्यापाशी उभी होती.

"मला एक छोटा पाठ घेऊन दाखवायचा आहे ना?" ती म्हणाली. "कविता तयार केली होती. ती राहू दे, हाच घेते." तिने फळ्यावर ठसठशीत अक्षरांत 'शिक्षा' लिहिलं. "सर, आप बताइए, इसका अर्थ?"

"पढ़ाई-लिखाई," मिश्राजी म्हणाले. "और क्या?"

"बाई, तुम्ही सांगा."

"चूक केल्यावर होते ती. दंड."

"दोघांनाही पूर्ण मार्क," कस्तुरी म्हणाली. "आता माझ्या रविवारच्या वर्गातल्या मुलांचं बघा. ती बाहेर सरांचा अर्थ ऐकतात, तोच घरी नेतात, आणि घरी चूक दाखवायला कुणी उरलेलं नाही. माझी काकू वाईहून आली तेव्हा आम्हाला टोकायची. आता ती आमच्यासारखीच झाली."

हे मला लागलं. खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

"आणि बाई, ही चूक माझीही आहे, ते मला आत्ता कळलं. मी त्या मुलांनाही हेच शिकवत आले असेन." तिचा आवाज चढला. "पण मला सगळं येत असतं तर मी इथे शिकायला कशाला आले असते?"

मिश्राजी परचुरेबाईंकडे बघायला लागले. परचुरेबाई फळ्याकडे बघत होत्या.

"आणि चेष्टेचं काय?" त्यांनी विचारलं.

"तुमची केली तर मराठीत, बाई. अभ्यासाची केली तर सरांच्या हिंदीत."

परचुरेबाई एवढ्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. पण प्रवेशाचं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि नकलेचा शेराही कुणी पुसला नाही.

परत येताना ई-रिक्शात कस्तुरीने मला कोपराने ढोसलं.

"काकू, बोल ना काही."

"नको. कुठला शब्द कुठे जाऊन पडेल याची मला आता धास्तीच वाटते."

प्रवेशाची यादी लागली त्या दुपारी खाली कऱ्हाडचे यात्रेकरू नरहरराव सहकुटुंब जेवत होते आणि भावजी वाढत होते. जिन्यावरून धडधडत कस्तुरी आली, मोबाइल उंच धरून.

"काकू! मला शिक्षा झाली! पुरी दोन वर्षांची!"

नरहररावांचा घास हातातच राहिला. "अरे देवा! एवढीशी पोर! वरच्या कोर्टात जाता येत नाही का?"

"मग रामनगरला कोण बसणार?" भावजी कुरकुरले, पण जिलबीचं ताट घेऊन पहिल्यांदा तिच्याकडेच गेले.

मला रडू आवरेना. पदराने डोळे पुसत मी नरहररावांना म्हटलं, "बसा हो, जेवा तुम्ही. आनंदाची बातमी आहे. पोरीने त्यासाठी वर्षभर चेष्टा केली होती."

"कुणाची?" नरहररावांनी विचारलं.

तोंडातून गेलं ते गेलं. मी ते परत घेतलं नाही, त्यांच्या पानात आणखी एक जिलबी वाढली.