बंद गाडीतली शांतव्वा

गुरुसिद्धची कशाचीही खात्री एकदा बघून होत नसे. पेंडीच्या दुकानाचं शटर ओढून कुलूप लावलं की तो कुलपाला लोंबकळून बघायचा. कोपऱ्यापर्यंत जायचा, परत यायचा आणि पुन्हा लोंबकळायचा. घरी गॅस बंद केला की आधी स्वतः वास घ्यायचा, मग बायकोला घ्यायला लावायचा. असल्या माणसानं दोन हजार चार साली नवीकोरी गाडी घेतली, तेव्हा आजूबाजूच्या दुकानदारांना चार दिवस बोलायला विषय मिळाला.

गाडी साधीच होती, पांढरी, छोटी. मागच्या काचा हँडल फिरवून खाली करायच्या. पण गुरुसिद्धनं तिच्यावर जो बंदोबस्त चढवला होता तो एखाद्या पतपेढीला पुरला असता. स्टिअरिंगला आडवा लोखंडी दांडा, गिअरला वेगळं कुलूप, चारी दारं एकदम लावणारं सेंट्रल लॉक आणि कुणाचा धक्का लागला की कोकलणारा अलार्म. ह्यातलं बरंचसं बाहेरच्या एका दुकानातून बसवून घेतलेलं.

ताबा घ्यायच्या दिवशी शोरूममधला सोमेश नावाचा पोरगेला माणूस त्याला सगळं समजावून सांगत होता.

"सर, आधी न्यूट्रल बघायचं, हँडब्रेक ओढलेला असावा, क्लच दाबायचा, मग चावी फिरवायची. ह्या चावीत चिप आहे. दुसरी कसली चावी घातली तर इंजिन सुरूच होणार नाही."

"आणि हीच चावी चोरानं नेली तर?" गुरुसिद्धनं विचारलं.

"मग होईल सुरू."

गुरुसिद्धला हे उत्तर काही पटलं नाही.

"आणि हे तुम्ही बाहेरून बसवलंय ना सर," सोमेश म्हणाला, "त्यात दारं लागून थोडा वेळ गेला की गाडी आपोआप लॉक होते. तुम्ही विसरलात तरी ती विसरत नाही."

हे मात्र गुरुसिद्धला फार आवडलं. आपल्यासारखंच कुणीतरी आपल्या घरात येतंय असं त्याला वाटलं.

सोबत त्याची आई शांतव्वा होती आणि पिराजी होता. पिराजी त्याच्या दुकानाचा टेम्पो चालवायचा. मालकाला गाडी शिकून महिनाच झालेला, म्हणून शेजारी बसायला आला होता. शांतव्वा मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली. कानानं जरा कमी, पण कपाळावरची विभूती आणि डोक्यावरचा पदर एकदम जागच्या जागी. एसीचं वारं तोंडावर आलं तशी ती म्हणाली, "गुरू, हे बरं हाय की रं."

कसबा बावड्याकडं जाताना वाटेत महादेवाचं एक छोटं देऊळ लागतं. सोमवार होता, चार माणसं दर्शनाला येत होती. गाडीपुढं नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबं ठेवायची आणि मग घर गाठायचं, असं ठरलेलं. गुरुसिद्धनं गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं, कारण अव्वाला, म्हणजे आईला, एसीचा गारवा बरा वाटत होता. तो उतरला, पिराजी उतरला. दोघांनी आपापलं दार लावलं. पिराजीनं चाकाखाली लिंबं सारली. गुरुसिद्धनं नारळ फोडून पाणी चाकांवर शिंपडलं, बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं आणि हात जोडले.

तेवढ्यात गाडीनं आतल्या आत खट् केलं.

गुरुसिद्धनं दार ओढून बघितलं. मग दुसरं. मग तिसरं. मग चौथं. सवयीप्रमाणं त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"मालक," पिराजी म्हणाला, "दुसरी चावी द्या की."

"डिकीत हाय."

पिराजीनं डिकीकडं बघितलं, मग मालकाकडं बघितलं, आणि टोपी काढून पुन्हा घातली.

मोबाईलही आतच होता, डॅशबोर्डवर. आत शांतव्वा गार वाऱ्यात निवांत बसली होती. काचा बंद, एसी चालू, त्यात कान असे. बाहेरचं एक अक्षर आत जात नव्हतं. दाराच्या वरच्या कडेला लॉकचा खुंटा होता. तो वर ओढला की काम झालं. गुरुसिद्धनं काचेला तोंड लावून सांगितलं. मग खुणेनं सांगितलं: हात पुढं केला, बोटं मिटली आणि हात वर उचलला.

शांतव्वानं ते नीट बघितलं. आणि तिनं आपला उजवा हात वर उचलून लेकाला आशीर्वाद दिला.

"न्हाय अव्वा, तसं न्हाय," म्हणत गुरुसिद्धनं पुन्हा हात वर केला. तिनं पुन्हा आशीर्वाद दिला. आता पिराजी पुढं झाला. त्यानं दोन्ही हातांनी विहिरीतनं पाणी शेंदल्यासारखं केलं. शांतव्वानं त्यालाही आशीर्वाद दिला, शिवाय हसली.

देवळातून बाहेर पडलेला एक म्हातारा हे बघत थांबला. फुलांचा हार घातलेली कोरी पांढरी गाडी, आत विभूती लावलेली वृद्ध बाई, हात वर, आणि बाहेर दोन पुरुषमाणसं काकुळतीला आलेली. म्हाताऱ्यानं चपला काढल्या आणि हात जोडले. शांतव्वानं त्याला आशीर्वाद दिला. दिला नसता तर ते वाईट दिसलं असतं.

"कुठल्या म्हणायच्या ह्या आक्का?" म्हाताऱ्यानं पिराजीला विचारलं.

"नेसरीच्या," पिराजी म्हणाला. ते खरंच होतं. शांतव्वाचं माहेर नेसरीचं.

"बोलत न्हाईत व्हय?"

"आतनं काय ऐकू येत न्हाय."

"मौन हाय तर," म्हातारा म्हणाला आणि देवळात सांगायला गेला.

गुरुसिद्धचं तिकडं लक्षच नव्हतं. पिराजीला राखणीला ठेवून तो चौकातल्या टेलिफोन बूथवर पळाला आणि त्यानं शोरूमला फोन लावला.

"सर, डुप्लिकेट चावी असेल ना?" सोमेशनं विचारलं.

"डिकीत ठेवलीया."

"सर, ती घरात ठेवायची असते."

"घरात चोरी झाली तर?"

"सर, मागची छोटी काच फोडता येईल."

"गाडी घिऊन तासबी झाला न्हाय," गुरुसिद्ध म्हणाला. "आणि काचंच्या आत माझी आई हाय."

मग सोमेश म्हणाला की माणूस पाठवतो, पण तो इचलकरंजीला गेलाय, यायला दुपार होईल.

गुरुसिद्ध परत आला तेव्हा त्याला आपली गाडी दिसेना. माणसं दिसत होती. देवळाच्या पायरीपासून गाडीपर्यंत रांग लागली होती, पुढं बॉनेटवर केळी, पेढे आणि फुलं होती, आणि पांढरा सदरा घातलेला उदयसिंह नावाचा एक धिप्पाड माणूस रांग सरळ करत होता. त्याला कुणी नेमलं नव्हतं. रांग दिसली की ती सरळ करायची, एवढाच त्याचा स्वभाव होता.

गुरुसिद्ध तडक गाडीकडं निघाला. उदयसिंहनं त्याच्या छातीवर हात ठेवला.

"पावणं, लायनीत या."

"ही गाडी माझी हाय."

"समदं त्यांचंच हाय. तुमचं न् माझं काय हाय हितं? लायनीत या."

"अहो, ती माझी आई हाय."

"आमची बी हाय," उदयसिंह शांतपणे म्हणाला. रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या.

पिराजी तोवर गप्प बसला नव्हता. शेजारच्या शिंप्याकडून त्यानं लोखंडी पट्टी आणली होती आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला बसून ती काचेच्या रबरातून खाली सारत होता. पट्टी थोडी आत गेली आणि अलार्म कोकलायला लागला. आधी टिटवीसारखा, मग ॲम्ब्युलन्ससारखा, मग कुणाच्या तरी वरातीसारखा. चारी दिवे लुकलुकायला लागले. रांगेतल्या बायकांनी डोळे मिटून हात जोडले. देवळातल्या पुजाऱ्यानं हा गजर ऐकला आणि आतून घंटा वाजवायला सुरुवात केली. दोन जणांनी पिराजीच्या बखोटीला धरून त्याला लांब नेऊन बसवलं, पट्टी काढून घेतली आणि देवाच्या दारात असं करू नये म्हणून समजावलं. मग बिचाऱ्याला प्रसादाचा पेढाही दिला.

आत शांतव्वानं कुठंतरी काहीतरी वाजतंय म्हणून इकडंतिकडं बघितलं, आणि आवाज थांबल्यावर पुन्हा हात वर केला.

गुरुसिद्ध रांगेच्या शेवटाला जाऊन उभा राहिला. दुसरं काही सुचतच नव्हतं. आपल्याच गाडीकडं जाणाऱ्या रांगेत माणसानं उभं राहावं, मागून येणाऱ्यांनी "पावणं, जरा पुढं सरका" म्हणावं, आणि आपणही सरकावं. ऊन चढत होतं. इंजिन चालू होतं हे त्याला लांबूनही ऐकू येत होतं आणि तेवढाच आधार होता. आत अव्वा गारव्यात होती. हँडब्रेक ओढलाय का, हे मात्र त्याला आठवेना. ओढला होता. नक्की ओढला होता. तो रांगेतून वाकून चाकांकडं बघत राहिला.

त्याच्या पुढं बनाबाई नावाची एक बाई होती. साखर कारखान्याच्या बाजूला राहणारी, हातात रिकामी पिशवी. तिची पाळी आली तशी तिनं नुसता नमस्कार केला नाही. ती काचेला टेकून बोलायला लागली. आत काही ऐकू जात नाही हे तिला ठाऊक असावं, आणि कदाचित म्हणूनच ती बोलत असावी. बोलता बोलता रडायला लागली. शांतव्वानं हात वर केला, तरी ती थांबली नाही. शांतव्वानं कपाळाला आठ्या घातल्या. कान काचेला लावला. काही समजेना. मग तिनं इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं, दाराला हँडल लागलं ते धरलं आणि शेवयाचं यंत्र फिरवावं तसं गरागरा फिरवलं.

काच खाली गेली.

सकाळपासून तो कुलपाचा विचार करत होता. काचेचा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता.

"काय झालं गं बाई? जोरात बोल, मला कमी ऐकू येतंय," शांतव्वा म्हणाली. मौन सुटलं म्हणून रांगेत एक लाट गेली.

बनाबाईनं जोरात सांगितलं, त्यामुळं ते सगळ्यांनाच ऐकू आलं. तिची सख्खी बहीण, बयाबाई, भिंतीला भिंत लागून राहायची. सांडग्यांच्या वाळवणावरून दोघींचं बोलणं तुटलं, ते वर्षानुवर्षं तुटलेलंच राहिलं. आता बयाबाई आजारी होती. रात्रीचं खोकणं भिंतीतून ऐकू यायचं. जावं असं फार वाटायचं, पण जाऊन बोलायचं काय?

शांतव्वानं जरा विचार केला. "काय बोलू नको," ती म्हणाली. "जा, मोरीत भांडी पडली असतील ती घास. घासून झाली की चुलीवर काय हाय ते बघ. ती आपनच बोलंल."

बनाबाई तोंडाला पदर लावून तशीच घराकडं निघाली. गुरुसिद्ध एका ढेंगेत खिडकीपाशी पोचला आणि त्यानं लॉकचा खुंटा ओढायला हात आत घातला. शांतव्वानं त्याच्या मनगटावर चापट मारली.

"मागं लोक थांबल्यात. तू घरचाच हायस. बस जरा तिथं."

"अव्वा, दार तर उघड."

"दार उघडलं तर गार वारं जातंय. बस म्हणते न्हवं."

उदयसिंहनं त्याला दंडाला धरून हळूच बाजूला केलं. गुरुसिद्ध मागच्या चाकाला टेकून खाली बसला. तिथं बसून त्यानं सगळं ऐकलं. कुणाची सून दोडक्याची भाजी खात नव्हती. कुणाचा नवरा घरात फक्त म्हशीशी बोलायचा. एका माणसाला काहीच अडचण नव्हती, तो नुसता रांग बघून आला होता. त्याला शांतव्वानं केळं दिलं. प्रत्येकाचं ती पूर्ण ऐकून घेत होती, मध्येच "पुढं?" म्हणत होती. गुरुसिद्धला वाटलं, घरी ही कधी एवढी बोलत नाही. मग वाटलं, घरी तिच्यासमोर कोण एवढा वेळ बसतं? जेवताना टीव्ही असतो, त्यानंतर आपण कुलपं बघत फिरत असतो.

रांग संपली तेव्हा उदयसिंहनं स्वतः नमस्कार केला, बॉनेटवरची केळी पिशवीत भरून दिली आणि गुरुसिद्धला म्हणाला, "आता या, पावणं. तुमचा नंबर आला."

गुरुसिद्धनं खिडकीतून हात घालून खुंटा ओढला. चारी दारं एकदम उघडली. तो पुढं बसला आणि त्यानं पहिल्यांदा हँडब्रेक बघितला. ओढलेला होता. पिराजी शेजारी बसला. त्याच्या ओठाला अजून पेढा लागलेला होता.

बरंच पुढं गेल्यावर गुरुसिद्धनं विचारलं, "अव्वा, आमी एवढं हात हलवून सांगत होतो. तुला कायच कळलं न्हाय?"

"मला वाटलं पूजेतलंच काय असंल," शांतव्वा म्हणाली. "तुझा बा बैलगाडी घेतल्यावर तिच्याभवती नाचला होता."

पुढच्या सोमवारी ती सकाळीच वेणीफणी करून दारात बसली. "जायाचं न्हाय व्हय?" तिनं विचारलं. गुरुसिद्धनं दुकान उशिरा उघडलं आणि तिला नेलं. रांग मागच्यापेक्षा मोठी होती. बनाबाई आली होती, आणि तिच्या दंडाला धरून एक अशक्त बाई हळूहळू चालत आली होती. दोघी एकमेकींशी भांडतच आल्या, सांडग्यांवरूनच. शांतव्वानं दोघींना मागच्या सीटवर घेतलं, काच वर केली, आणि त्या तिघी आत काय बोलल्या ते गुरुसिद्धला कधीच कळलं नाही.

सेंट्रल लॉकचा तो आपोआपपणा त्यानं गाडी घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढून टाकला होता. डिकीतली चावी घरी कपाटात गेली, आणि हातातली चावी पुन्हा म्हणून आत राहू नये यासाठी त्यानं ती आखूड दोरीनं आपल्या कमरेच्या करदोट्याला बांधली. गाडी सुरू करायची म्हणजे सदरा वर करून चावी काढायची, न्यूट्रल बघायचं, हँडब्रेक बघायचा, क्लच दाबायचा आणि मग फिरवायची. गाडी चालू असेपर्यंत तो आणि गाडी एकमेकांना बांधलेले असत. सिग्नलला शेजारचे मोटारसायकलवाले आत डोकावून बघत, तो त्यांना कारण सांगायच्या भानगडीत पडत नसे. अडचण फक्त पेट्रोल पंपावर यायची. टाकीचं झाकण त्याच चावीनं उघडायचं, आणि सीटवरून दोरी काही टाकीपर्यंत पुरायची नाही. मग गुरुसिद्ध इंजिन बंद करायचा, उतरायचा, सदरा धरून गाडीच्या मागच्या बाजूला जायचा आणि टाकीला पोट लावून उभा राहायचा. आणि पंपावरचा पोरगा पाईप हातात धरून, दुसरीकडं बघत, झाकण उघडायची वाट बघायचा.