खाऱ्या पाण्याखालचा गोडा नळ

मी एक जुना नळ आहे. मित्रांनो, मोरीतला नव्हे! जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यापासून हेलमेरोग बेटापर्यंत समुद्रतळाच्या वाळूत पुरलेला जाडजूड पोलादी नळ. माझ्यावर खारं पाणी आणि पोटात गोडं. त्या दोघांना मी आजवर एकमेकांचं तोंड पाहू दिलेलं नाही.

माझे तुकडे किनाऱ्यावरच्या बांधावर जोडले. तोंडं बंद करून मला भरतीवर तरंगवत नेलं, मग पोटात पाणी भरून तळाशी खणलेल्या चरात बसवलं आणि वर वाळू लोटली. समुद्राला हे मुळीच रुचलं नाही. तेव्हापासून तो मला उकरायला बघतो आणि मी त्याला पुरून उरतो.

बेटाने माझं वाजतगाजत स्वागत केलं. आली नाही ती एकटी गेस्काआजी. "नळाच्या पाण्याचा चहा? त्यापेक्षा तहानेने मरेन!" छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून त्याचाच चहा करायचा, ही तिथली जुनी रीत. पाहुण्याने तीन कप घ्यायचेच. आधी उठला तर तो घराचा अपमान. आजी लोकांना चहाला बोलवायची आणि तिन्ही कप होईपर्यंत मला नावं ठेवायची. गाईगुरं, आजारी माणसं, सगळी माझं पाणी पीत होती. तिच्या स्वयंपाकघरातली माझी तोटी मात्र कोरडी. मला फार राग यायचा.

मग एका हिवाळ्यात तुफान आलं. समुद्र बेटावर चढला, टाक्या खारट झाल्या. माझ्यावरची आणि खालचीही वाळू वाहून गेली. मी मधोमध अधांतरी लोंबकळू लागलो. पाणीखात्याचे हार्टविगसाहेब बोटीने आले. सगळे आजीच्याच घरी जमले.

"नळ कधीही तुटेल," साहेब म्हणाले. "पाणी बंद करतो. बेट रिकामं करा. वाळूचा ढिगारा हा, आज आहे, उद्या नाही."

आजीने त्यांच्यापुढे कप ठेवून चहा ओतला. साहेबांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"अहो आजी, हा तर समुद्र आहे!"

"माझ्या टाकीतलाच आहे. बसा, अजून दोन कप व्हायचेत. एका घोटाला भिणाऱ्याने आम्हाला घर सोडायला सांगू नये."

साहेब बिचारे रीत जाणणारे. डोळे मिटून तिन्ही कप रिचवले आणि म्हणाले, "एक ओहोटी देतो. तेवढ्यात नळ झाकला तर ठीक, नाहीतर सगळे बोटीत."

इथला समुद्र उथळ, ओहोटीला त्याचा तळ जवळजवळ उघडा पडतो. ओहोटी लागताच सगळं बेट चिखल तुडवत माझ्याकडे आलं. घोडागाड्यांतून वाळूची पोती, काटक्यांच्या मोळ्या. आजी गुडघाभर पाण्यात उभी राहून माझ्याखाली मोळ्या कोंबत होती.

"मेल्या, तुटलास तर गाठ माझ्याशी आहे!"

ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती. माझे सांधे कुरकुरत होते, पण त्या शिवीनंतर तुटणं मला शोभलं नसतं. भरती आली, धडका देऊन दमली. ओसरली तेव्हा मोळ्या जागच्या जागी होत्या आणि त्यांच्यावर नवी वाळू बसली होती. साहेबांनी पाणी चालू ठेवलं. बेटावरून एकही माणूस हलला नाही.

टाकी धुतल्यावर ती पुन्हा पावसाने भरेपर्यंत आजीने माझ्याच पाण्याचा चहा केला. चांगला झालाय असं मात्र शेवटपर्यंत म्हणाली नाही.

आता नवा प्लॅस्टिकचा नळ टाकायचं चाललंय. टाका खुशाल, माझ्या शेजारी टाका! मी काही इथून उठत नाही. आणि मित्रांनो, तुमच्याही घरी कुठून तरी दुरून, कुणीतरी मातीखाली पडून पाणी आणत असेल. त्याला हारतुरे नकोत. त्याच्यावरची माती गेलेली दिसली, तर फावडं घेऊन या. ओहोटी आहे तोवर तुम्ही राबा, भरतीचं आम्ही बघून घेऊ.